मास्तरांना गाडी चालवता येत नसे

गाडी आली की मास्तर तिच्याकडे बघायचे नाहीत, मालकाकडे बघायचे. चष्मा कपाळावर चढवून, हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "तुमच्याआधी हिला कोणी कोणी हात लावला?"

प्रश्न साधाच, पण विचारण्याची तऱ्हा अशी की समोरच्याचे कान लाल व्हायचे. पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "कोणीच नाही." मास्तर नुसते थांबायचे. मग मालक पायाशी बघत म्हणायचा, की तसा एक मित्र आहे, त्यानं थोडंसं उघडून पाहिलं होतं. मग त्या मित्राचा मित्र निघायचा. मग वापीचा कोणी उस्ताद. शेवटी, मोबाईलवर व्हिडिओ बघून आपण स्वतःही दोन वायरी जोडल्या होत्या, हेही बाहेर यायचं. पाच मिनिटांत चार-पाच गुन्हेगार गोळा झाले की मास्तर माझ्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "लिही ताई."

मी त्या गाडीच्या कार्डावर लिहायचे. त्यासाठीच मला नोकरीवर घेतलं होतं.

सुरतेजवळ इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला पाइपांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला कापडाच्या गाठींचं गोदाम, यांच्यामध्ये आमचं गॅरेज होतं. 'गॅरेज' हा शब्द आमच्या शेठना खपत नसे, ते 'स्टुडिओ' म्हणत. दारात प्लास्टिकचं हिरवंगार गवत होतं. आत काचेची एक खोली, तिच्यात काळे सोफे आणि कॉफीचं यंत्र. त्या यंत्रातली कॉफी मी कोणाला पिताना पाहिली नाही. सगळे कोपऱ्यावरून चहा मागवायचे आणि कप त्या यंत्रावर ठेवायचे. माझे वडील पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. मुलगी कुठे असते असं आमच्या उधन्यात कोणी विचारलं, तर ते 'इच्छापोरला, कंपनीत' एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं दुखणं समजायला फार अक्कल लागत नाही. कंपनीतून गाडी निघते तेव्हा तिच्यात ईसीयू नावाचा एक डबा असतो. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो. गाडी तंदुरुस्त असते, सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि नेमकं तेच काही जणांना सहन होत नाही. ते तो डबा काढून बाजारातला परदेशी डबा बसवतात, टर्बो लावतात आणि कोणाकडून तरी 'मॅप' भरून घेतात. मॅप म्हणजे त्या डब्याच्या पोटातलं आकड्यांचं कोष्टक. मग गाडी चार दिवस पिसाटासारखी पळते. पाचव्या दिवशी डुमस रोडवर, मित्रमंडळी बघत असताना, खोकते आणि बंद पडते. त्या पाचव्या दिवसापासून ती आमची.

'मास्तर' हे नाव गिरणीतलं. शिरपूरकडून सुरतेला आलेले हे गृहस्थ वीसेक वर्षं बमरोलीच्या एका कापड गिरणीत मागांच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे बघत. धागा तुटला की सेन्सरनं माग थांबवायचा असतो. सेन्सर खोटं बोलला तर माग उगाच थांबतो, नाहीतर फाटकं कापड विणत सुटतो. वीस वर्षं सेन्सरांवर संशय घेऊन घेऊन मास्तरांचा चेहराच तसा झाला होता. त्यांच्याकडे बघून माणसाला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. गिरणी सुटली तरी गिरणीचे राखाडी शर्ट त्यांनी सोडले नाहीत. फक्त खिशावरचं गिरणीचं नाव सुईनं धागा धागा करून उसवून काढलं होतं. झालं असं, की नावापुरता कपडा उन्हात विटला नव्हता, त्यामुळे ते आता आधीपेक्षा ठळक दिसायचं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कार्डावर लिहायला सांगितलं, "अर्थ सैल." वायरिंगवाले अर्थिंगला नुसतं 'अर्थ' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. शिक्षकाची मुलगी मी, भाषा सुधारून 'अर्थहीन' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालकानं ते वाचलं आणि माझ्या गाडीला अर्थहीन कोण म्हणालं म्हणून काचेच्या खोलीत गोंधळ घातला. मास्तर त्याला म्हणाले, "बरोबर लिहिलंय. अर्थ नसेल तर बाकी सगळं असून काय करता?" आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी सैल तार पान्यानं आवळून निघून गेले.

लॅपटॉप ते लोखंडी कपाटात कुलपात ठेवायचे. आधी वीज मोजायचं मीटर, मग लॅपटॉप, असा नेम. इंजिन चालू करून ते वायरांची जुडी टोकापासून इंच इंच चाचपत यायचे, बाजारात वालाच्या शेंगा निवडाव्यात तशा. कुठेतरी इंजिन अडखळलं की बोट तिथेच थांबायचं. टेप उघडली की आत दोन तारांना नुसता पीळ दिलेला सापडायचा. मग मास्तर शुद्ध मराठी विसरायचे आणि घरच्या अहिराणीत ओरडायचे, "हाई कोनी करं?" म्हणजे हे कोणी केलं? घरी आई अहिराणीच बोलते, म्हणून मला कळायचं. ग्राहक गुजराती, त्यांच्या कानाला ते काहीतरी यंत्रातलं वाटायचं. एका गृहस्थानं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "बेन, आ 'हाई कोनी करं' क्यां मळे?" म्हणजे हे कुठे मिळतं? तो नवीन बसवून घ्यायला तयार होता.

मास्तरांचं म्हणणं एकच होतं. "ईसीयू भोळा आहे. कानावर येईल ते खरं मानतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याला सांगणारे कोण आहेत, त्यांना धरा."

हे म्हणणं मला पटलं ते एका पांढऱ्या गाडीमुळे. मे महिना होता. पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यात वाफ व्हावी असा. गाडीतून काळा धूर येत होता, पेट्रोल पाण्यासारखं जात होतं, प्लग आठवड्याला काळे होत होते. तीन ठिकाणी तिचा मॅप बदलून झाला होता. प्रत्येकानं आधीच्याला मूर्ख ठरवून पेट्रोलचे आकडे खाली आणले होते. मास्तरांनी सगळ्यांची नावं लिहवून घेतली, मीटर लावलं, मग लॅपटॉप काढला आणि मला बोलावलं. पडद्यावर इंजिनाचं तापमान दिसत होतं, उणे चाळीस.

"तापमान सांगणाऱ्या सेन्सरची तार आतून तुटलीय," मास्तर म्हणाले. "तार तुटली की या डब्याला उणे चाळीस दिसतं. बिचारा सुरतेत मे महिन्यात स्वेटर घालून बसलाय. थंडीत इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून तो ओततोय. आणि हे तिघं त्याला म्हणतायत, कमी ओत."

तुटका भाग कापून तारेच्या टोकाला नवी पिन दाबून बसवली. इंजिन जरा तापल्यावर धूर थांबला. मालक आला, त्यानं गाडी ऐकली आणि त्याचा चेहरा पडला.

"बस, आटलुंज?" तो म्हणाला. एवढंच?

एवढंच म्हटल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटलं. तीन जणांकडे तीन मॅप घेतलेला माणूस, त्याला चौथा मॅप हवा होता. तार तुटली होती हे तो मित्रांना कोणत्या तोंडानं सांगणार? शेठनी त्याला कसंबसं समजावलं आणि त्याची गाडी गेल्यावर मास्तरांना काचेच्या खोलीत बोलावलं. शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट दिसायला हवी असायची.

"मास्तर, लोकोने कंई देखावुं जोईए ने," शेठ म्हणाले. लोकांना काहीतरी दिसायला नको का?

पुढच्या आठवड्यात काचेच्या खोलीत भिंतभर पडदा आला. गाडीला लॅपटॉप जोडला की त्या पडद्यावर रंगीत रेघा नाचायच्या. ग्राहक सोफ्यावर बसून लोचो खात त्या रेघांकडे बघायचे आणि अधूनमधून "ओहो" म्हणायचे. एकदा लॅपटॉप जोडलेलाच नव्हता, पडद्यावर आदल्या दिवशीच्या कोणा दुसऱ्याच गाडीच्या रेघा फिरत होत्या. तेव्हाही लोक "ओहो" म्हणत होते. मास्तर त्या वेळी मीटर घेऊन खऱ्या गाडीखाली आडवे पडलेले होते.

आणि या माणसाला गाडी चालवता येत नव्हती.

हे ग्राहकांपासून लपवून ठेवणं हे माझ्या नोकरीतलं एक न लिहिलेलं काम होतं. बमरोलीहून ते जुनाट मोपेडवर येत. चारचाकीचं स्टिअरिंग त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. वर त्यांना गाडी लागायची. ट्यूनिंगसाठी गाडी रस्त्यावर न्यावी लागते. मास्तर शेजारच्या सीटवर बसायचे, मांडीवर लॅपटॉप, डाव्या मुठीत अर्धं कापलेलं लिंबू. दर दोन मिनिटांनी लिंबू नाकाशी जायचं. ग्राहकांना वाटायचं, गाडीची दृष्ट काढतायत. काही जणांनी नंतर घरून लिंबू आणायला सुरुवात केली.

खरी अडचण चालवणाऱ्यांची होती. एखादा आकडा तपासायचा तर इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांवर स्थिर ठेवावं लागतं. मास्तर सांगायचे, तीन हजारावर ठेवा. मालक ठेवायचा. तीन हजार, सव्वातीन, आणि मग शेजारून एखादी गाडी पुढे गेली की सहा हजार. मास्तर लिंबू नाकाशी धरून डोळे मिटायचे. असे आठ-दहा मालक झाल्यावर एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, तुला गाडी येते?"

"लायसन्स आहे," मी म्हणाले.

"तेवढं पुरे. पुरुषमाणसाला तीन हजारावर थांबता येत नाही."

अशी मी हजिरा रस्त्यावर लोकांच्या दोनशे-तीनशे घोड्यांच्या गाड्या चालवायला लागले. ट्रकांच्या मागून, तीन हजारावर. मालक मागच्या सीटवर बसून तळमळायचे. मास्तर आकडे वाचायचे, बदलायचे, आणि गॅरेजला परतल्यावर मी ते कार्डाच्या पाठीवर दोन रकान्यांत लिहायचे, आधी आणि नंतर. बदललेला प्रत्येक आकडा तिथे गेलाच पाहिजे, हा मास्तरांचा कायदा होता.

मग लाल गाडी आली.

म्हणजे ती आमचीच होती. हिऱ्यांच्या धंद्यातल्या एका घरचा मुलगा, आम्ही त्याला भाई म्हणायचो, गेलं वर्षभर आमच्याकडेच येत होता. दक्षिण गुजरातेतल्या एका खासगी धावपट्टीवर वेगाच्या शर्यती होणार होत्या, त्यासाठी दोन आठवडे आधी त्यानं टर्बोचा दाब वाढवून घेतला. शेठनी गाडीच्या दोन्ही दारांवर 'स्टुडिओ'चं नाव चिकटवलं. आणि गाडी पाच हजाराच्या वर, पूर्ण दाबात, सायलेन्सरमधून बंदुकीसारखी फुटायला लागली. हळू चालवली तर लोण्यासारखी.

मास्तर म्हणाले, "वायरिंग."

त्यांनी पूर्ण वायरिंग उतरवलं. जुडी जमिनीवर पसरली आणि एक एक तार, एक एक पिन नवी केली. अर्थचे पाच जोड घासून चकचकीत केले. शेठनी त्याचे व्हिडिओ काढले. तिसऱ्या दिवशी गाडी जोडली. फुटली. मास्तर म्हणाले, सेन्सर. क्रँकचा वेग सांगणारा सेन्सर बदलला, त्याची तार ठिणगीच्या तारांपासून दूर नेली. फुटली. पेट्रोलचा पंप तपासला, प्लग बदलले. फुटली. सातव्या दिवशी मास्तर चहा घेईनासे झाले. भाई रोज दोन मित्र घेऊन यायचा आणि सोफ्यावर बसून मांडी हलवायचा.

आठव्या दिवशी शेठनी निकाल लावला. मास्तरांकडून होत नाही म्हणजे डबाच खराब. त्यांनी गाडीसमोर उभं राहून मोबाईलवर तसं बोलून टाकलं, की परदेशी ईसीयू सदोष निघाला आहे, सावध राहा. संध्याकाळपर्यंत सगळ्या सुरतेतल्या गाडीवेड्यांनी ते पाहिलं. डबा ज्यानं विकला होता तो बडोद्याचा एक छोटा विक्रेता होता. बदलून दिला नाहीस तर तुझं नाव घेऊन दुसरा व्हिडिओ टाकीन, असं शेठनी त्याला फोनवर सांगितलं. तो बिचारा दोन दिवसांनी स्वतः नवा डबा घेऊन यायला तयार झाला.

विक्रेत्याला दाखवण्यासाठी लाल गाडीची सगळी जुनी कार्डं काढून ठेव, असं शेठनी मला सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी मी ती चाळत बसले होते. चार महिन्यांपूर्वीच्या एका कार्डावर होतं, चारही कॉइल बदलल्या. कॉइल म्हणजे ठिणगीची वीज तयार करणारी वस्तू. मी सवयीनं कार्ड उलटलं. 'कॉइल भरण्याचा वेळ' असं लिहून पुढे 'आधी'खाली एक आकडा होता. 'नंतर'चं घर रिकामं होतं.

मी कार्ड घेऊन गाडीपाशी गेले. मास्तर बॉनेटमध्ये वाकलेले होते.

"काका, कॉइल बदलल्या तर त्यांचा आकडा तोच राहतो का?"

"नाही. प्रत्येक कॉइलला भरायला वेगळा वेळ..." ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

त्यांनी कार्ड घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. नंतर त्यांनी मला सगळं समजावलं, अगदी शांतपणे, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं. नव्या कॉइलला भरायला जास्त वेळ हवा होता. आकडा जुनाच राहिल्यामुळे ती अर्धवट भरत होती आणि ठिणगी दुबळी पडत होती. कमी दाबात दुबळी ठिणगीही चालून गेली. दाब वाढवल्यावर ती विझायला लागली. वायरिंग ठीक होतं. सेन्सर ठीक होते. डबा तर उत्तम होता. त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता.

"आणि त्या दिवशी त्याला सांगणारा कोण होता?" मास्तरांनी विचारलं. कॉइल त्यांनीच बदलल्या होत्या.

आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं. आम्ही गाडी रस्त्यावर काढली. त्या दिवशी पहिल्यांदाच ते म्हणाले, "तीन हजारावर थांबू नको." मी थांबले नाही. पाच हजार गेले, सहा गेले, साडेसहा. गाडीनं साधा खोकलाही काढला नाही. बाजूला मास्तर लिंबू विसरून समोर बघत होते. "नऊ दिवस," ते म्हणाले, "नऊ दिवस मी त्या वायरींना छळलं."

परत आल्यावर त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि नव्या कार्डावर स्वतः लिहिलं. दोष: कॉइलचा आकडा बदलायचा राहिला. आधी हात लावणारा: मी. खाली सही केली आणि ते जेवायला गेले.

शेठ कार्ड वाचून हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि फार समजूतदारपणे सांगितलं. व्हिडिओ गेला आहे. उद्या विक्रेता नवा डबा घेऊन येतोय. तो आपण बसवू, आकडाही बदललेलाच आहे. गाडी चालेल, भाई खूष, आपली इज्जत राहील. मास्तरांची पण. "एमां कोनुं शुं जाय?" यात कोणाचं काय जातंय? कार्ड तेवढं नवीन लिही.

विक्रेत्याचं जात होतं. ते मला कळत होतं, आणि मी लिहिलं. 'ईसीयू सदोष. बदलणे आवश्यक.' माझं अक्षर चांगलं आहे, वडिलांनी घोटून घेतलेलं. ते कार्ड मी इतर कोणत्याही कार्डासारखंच नीटनेटकं लिहिलं, मास्तरांचं ड्रॉवरमध्ये खाली सारलं आणि माझं ट्रेमध्ये ठेवलं. जेवण करून मास्तर आले, ट्रेपाशी गेले. त्यांनी कार्ड उचललं, वाचलं, होतं तसं परत ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावून ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला विक्रेता आला. चाळिशीचा, हडकुळा, मांडीवर नव्या डब्याचं खोकं घेऊन सोफ्याच्या कडेवर टेकलेला. समोर भाई आणि त्याचे दोन मित्र. पडद्यावर रेघा. शेठनी मोबाईल तयार ठेवला होता, नवा डबा बसवताना पुन्हा चार शब्द बोलायचे होते. मास्तर आत आले. त्या खोलीत ते सहसा पाऊल टाकत नसत.

"भाई," ते गुजरातीत म्हणाले, "डबो सारो छे. एक आकडो खोटो हतो. ए आकडो मारो." डबा चांगला आहे, चुकलेला आकडा माझा.

शेठ म्हणाले, "मास्तर मजाक करे छे." पण मास्तरांना थट्टा करताना त्या खोलीतल्या कोणीच कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. मास्तरांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. कॉइल, आकडा, चार महिने, नऊ दिवस. गाडी कालपासून ठीक आहे, हवी तर आत्ता चालवून बघा.

भाई भडकला, पण मला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही. "पण में तो बधाने कही दीधुं!" तो ओरडला. त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की त्याच्या गाडीला परदेशातून आलेला सदोष डबा लागला. सदोष परदेशी डबा ही सांगण्यासारखी गोष्ट होती. एक आकडा राहिला, ही नव्हती. मित्रांकडे बघून तो हट्टानं म्हणाला, "तो पण नवो नाखी दो." तरीही नवाच बसवा.

"नाही," मास्तर मराठीत म्हणाले. "चांगला डबा मी काढणार नाही."

मग शेठनी शेवटचं अस्त्र काढलं. ट्रेमधलं कार्ड आणून भाईपुढे धरलं. बघा, लेखी आहे, ईसीयू सदोष. भाईनं कार्ड वाचलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"बेन, आ तमे लख्युं छे?" हे तुम्ही लिहिलंय?

मी हो म्हणाले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, की मला हे लिहायला सांगितलं गेलं. ते आलं नाही. विक्रेता माझ्याकडे बघत होता. मी पडद्यावरच्या रेघांकडे पाहिलं.

"ते तिनं मी सांगितलं तसं लिहिलं," मास्तर म्हणाले. "आधी मीच चुकीचं सांगितलं होतं. तिची काही चूक नाही."

इतकं सरळ, इतक्या सहज म्हणाले की शेठनीसुद्धा पुढे धरलेला हात खाली घेतला. त्या माणसाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

विक्रेत्यानं खोक्याचं झाकण बंद केलं, त्यावर सुतळीच्या दोन गाठी मारल्या आणि कोणाचं मत पुन्हा फिरायच्या आत रिक्षा पकडली. जाताना तो मास्तरांच्या पाया पडायला वाकला, तर मास्तर दचकून बाजूला झाले आणि कॉफीच्या यंत्रावर आदळले.

लाल गाडी शर्यतीला गेली. पहिल्याच फेरीत भाईनं क्लच जाळला आणि ती ढकलत बाहेर आणावी लागली. सदोष ईसीयूचा व्हिडिओ तसाच राहिला, अजूनही लोक तो एकमेकांना पाठवतात. शेठनी मास्तरांना थोडे दिवस आराम करायला सांगितलं. मास्तरांनी मीटर पिशवीत घातलं, कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि मोपेडला किक मारली. मला वाटलं, काही बोलतील. ते म्हणाले, "पांढऱ्या गाडीची नवी पिन पावसाआधी एकदा बघून घ्या म्हणावं."

त्यांच्या जागी तीन लॅपटॉप आणि मोठे हेडफोन घेऊन एक जण आला. तो ग्राहकाला काही विचारत नसे, आल्या आल्या मॅप बदलायचा. ग्राहक बेहद्द खूष असायचे आणि महिन्याभरात परत यायचे, त्याच तक्रारीसाठी. मी तीच तक्रार पुन्हा लिहायचे. काही महिन्यांनी मी नोकरी सोडली. आता विम्याच्या एका सर्व्हेअरच्या कचेरीत आहे. आपटलेल्या गाड्या बघते आणि त्या कशा आपटल्या हे मालक जे सांगतात ते ऐकते. तिथे मास्तरांची शिकवण फार उपयोगी पडते.

बमरोलीला मी गेले ते दीड वर्षानं. आधी जायला हवं होतं. रस्ताभर वाक्य जुळवत होते. कामगारांच्या त्या घरांमध्ये खालून मागांची खडखड सतत येत असते, त्यामुळे मनातल्या मनात बोलायचं तरी मोठ्यानं बोलावंसं वाटतं. दार काकूंनी उघडलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी मला नीट निरखलं.

"तूच का ती, चूक काढनारी?" त्या म्हणाल्या. "ये व माय, बस. आमना घरमा तुनंच नाव ऱ्हास." आमच्या घरात तुझंच नाव असतं.

त्यांनी शेजारणींना हाक मारली. दोघी जणी पदराला हात पुसत आल्या आणि मला बघून गेल्या. नऊ दिवस मास्तरांना जे सापडलं नाही ते एका पोरीनं कार्ड उलटून काढलं, ही गोष्ट त्या आळीत सगळ्यांना पाठ होती. मास्तरांनी ती इतक्या वेळा सांगितली होती की काकूंनी मला कॉइलचा आकडासुद्धा सांगितला. दुसऱ्या कार्डाबद्दल तिथे कोणालाच काही माहीत नव्हतं.

मास्तर आतल्या खोलीत खिडकीखाली बसले होते. समोर मागांच्या सेन्सरांची रास होती. आजूबाजूच्या सगळ्या शेडमधून त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे. त्यांनी मला बघून मान हलवली आणि हातातलं काम पुरं केलं. मी चहा संपेपर्यंत थांबले. मग जुळवलेलं सगळं वाक्य विसरले आणि म्हणाले, "काका, ते कार्ड मी लिहिलं. शेठनी सांगितलं म्हणून. आणि त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"हां," ते म्हणाले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. "अक्षर सुरेख होतं. मजकूर तेवढा चुकला."

खाली माग चालू होते. काकू दारात उभ्या होत्या, आमच्यात काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी राशीतला एक सेन्सर उचलला, मीटर चालू केलं आणि लाल तारेचं टोक माझ्याकडे सरकवलं.

"हे धर," ते म्हणाले. "मी तार हलवतो. आकडा हलला की सांग."

मी टोक धरलं. त्यांनी तार टोकापासून इंच इंच हलवायला सुरुवात केली. मध्यावर आकडा हलला.

"इथं," मी म्हणाले.